देवाला दिलेला शब्द: कोंबडा मोठा की गावपळण?

तिरफळ
परवा घरी कोंबड्याचा नवस फेडला. भावाला नोकरी लागली म्हणून. देवाला नैवेद्य, आम्हाला वडे-सागोती. यात आमचं काय गेलं? त्यापेक्षा मालवण तालुक्यातल्या आचरा गावाची गावपळण बघा. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल (देवाला विचारून घेतलेला होकार) झाला की ३ दिवस ३ रात्री सगळा गाव वेशीबाहेर, गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट. इतर धर्मांची घरंही निघतात. मागणं नाही, फेडणं नाही. देव म्हणाला निघा, निघाले. देवाशी करार म्हणायचा तर तो हा.

कातळ
मागणं नाही कसं? गाव राखावा म्हणूनच जातात ना? आणि एकच घर मागे राहिलं तर त्या घराला गावात काय ऐकावं लागेल, ते तुला ठाऊक आहे. लोकलाजेला भक्ती म्हणू नकोस. कोंबडा निदान स्वतःच्या खिशातून जातो.

माहेरवाशीण
आमच्या गावातही पळण असते. आजी पंच्याऐंशीची, अंथरुणावर. तिला टेम्पोत घालून माळावरच्या झावळ्यांच्या खोपीत नेलं. थंडी मरणाची, रात्रभर खोकत होती. मी चिडले होते. त्याआधी तिला वेशीपलीकडे पाहुण्यांकडे ठेवायचं म्हटलं, तर भडकली, "देवान माका वगळल्यान काय?" यात लोकलाज कुठे बसते, कातळ?

बंदरावरचा
मी मालवणचा ख्रिस्ती. हा वाद आमच्या बायबलच्या जुन्या करारातही आहे. शौल राजाला देवाचा हुकूम होता, अमालेक या शत्रू जमातीचं सगळं संपव. त्याने चांगली मेंढरं राखली, वर म्हणाला, देवाला अर्पण करायला ठेवलीत. संदेष्टा शमुवेल त्याला सुनावतो, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं (१ शमुवेल १५). तिरफळ खूश होईल. पण हुकूम कसला होता? बायकापोरांसकट माणसं मारायचा! मी तिथे दरवेळी अडखळतो. पाद्रींना विचारलं तर त्यांनी विषय अब्राहामावर नेला. त्याला देवाने मुलाचा बळी मागितला होता, पण तिथे मुलावर उगारलेला हात देवानेच अडवला आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका दिला. शौलाच्या गोष्टीत कोणी अडवत नाही.

तिरफळ
गावपळणीत कोणी कोणाला मारत नाही, ही तुलनाच नको. पण कौल माणूसच लावतो, हे मान्य.

कातळ
हेच म्हणतोय! उजवा-डावा, म्हणजे होकार-नकार, देव देत असेल, पण प्रश्न मानकरी मांडतात. 'अंथरुणावरच्या माणसाला घरी ठेवू का', असा कौल तुमच्या गावात कधी लावलाय?

माहेरवाशीण
नाही लावला. पुढच्या खेपेला लावायला सांगते. पण डावा झाला तर आजीला टेम्पोत चढवायला येशील का?

कातळ
येईन. मत बदललं असं मात्र समजू नकोस.