अंधारी, घेरी, भोवळ, चक्कर: नेमकं काय म्हणायचं?

शब्दखुळी: तापातून उठलेला माणूस पलंगावरून उभा राहिला की डोळ्यांपुढे काळं होतं, भिंतीला धरलं की दोन-चार क्षणांत निवळतं. याला घेरी म्हणावं की भोवळ? की सगळं एकच?

कंपाउंडर: अंधारी. 'डोळ्यांपुढे अंधारी आली' हाच नेमका प्रयोग. उभं राहिल्यावर अर्धा ते एक लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. एरवी शिरा लगेच आवळतात, नाडी वाढते आणि आपल्याला कळतही नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल किंवा बरेच दिवस अंथरुणात गेले असतील, तर हे सावरणं मागे पडतं. आधी नजर जाते, मग शुद्ध. म्हणून खाली बसायचा इशारा अंधारीच देते. न बसल्यास झीट येते!

पाटीपेन्सिल: घेरी आणि भोवळ मुळात फिरण्याचे शब्द. घेर बघा, भोवरा बघा. गावाकडे भोवंड म्हणतात, तोही त्यातलाच. अंथरुणात कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर केली की खोली गरगरते आणि मिनिटभरात थांबते, ती खरी घेरी. ते बहुतेकदा कानातल्या तोलाचं दुखणं असतं. आयुर्वेदातही भ्रम वेगळा, मूर्च्छा वेगळी.

शब्दखुळी: पण 'उन्हात भोवळ येऊन पडली' असं सर्रास छापतात. तिथे शुद्ध गेली असाच अर्थ असतो ना?

पाटीपेन्सिल: हो, भोवळीची हद्द झिरपलीय. चक्करचं तर विचारूच नका. त्या शब्दात गरगरणं, अंधारी, अशक्तपणा, सगळं बसतं.

कंपाउंडर: म्हणूनच डॉक्टरकडे नुसतं 'चक्कर येते' सांगू नये. वस्तू फिरतात की डोळ्यांपुढे काळं होतं, उठताना होतं की पडल्यापडल्याही, शुद्ध गेली होती का, एवढं सांगावं. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्यावा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर दुखणं उठण्याचंच. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवाव्यात, मनाने बंद करू नयेत. पुष्कळ पुरुष पडतात ते रात्री लघवीला उठताना. त्यांनी बसूनच लघवी करावी.

शब्दखुळी: आणि उठायचं कसं?

कंपाउंडर: पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटं कडेला बसायचं, टाचा दहा-पंधरा वेळा वरखाली करायच्या, मग आधार धरून उभं राहायचं. जुलाब झाले असतील तर ओआरएसची मोठी पुडी 1 लिटर पाण्यातच; एका पेल्यात अख्खी ओतली तर खारट होते आणि जुलाब वाढू शकतात. डेंगूत मात्र ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उठताना अंधारी आली तर तो अशक्तपणा धरू नका. रक्तातलं पाणी झिरपत असू शकतं, तडक दवाखान्यात न्या.

पाटीपेन्सिल: झीट आली म्हणून कांदा हुंगवतात, तेही सांगा.

कंपाउंडर: कांदा नको, तोंडात पाणी तर मुळीच नको, ते श्वासनळीत जातं. आडवं झोपवून पाय वर उचलायचे. मिनिटभरात शुद्धीवर येऊन नीट बोलला तर झीट. हातपाय बराच वेळ झटकले, जीभ चावली, नंतर बराच वेळ भांबावलेला राहिला, तर ती आकडी. दोन्हींना 'फिट' म्हणून मोकळं होऊ नये.