मदत हवी आहे : उपसलेली सेप्टिक टँक एका रात्रीत पुन्हा भरते, दोष टाकीत आहे की जमिनीत?

नमस्कार.

आमचे घर कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या पलीकडे वडणगे येथे आहे. आमच्या गल्लीत भुयारी गटार नसल्यामुळे घरोघरी स्वतंत्र सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आहे. अलीकडे प्रत्येक पावसाळ्यात आमची टाकी काम करेनाशी होते. त्यावर गवंडी, प्लंबर आणि उपसा करणारे गाडीवाले यांनी दिलेले सल्ले एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत, म्हणून खर्चात पडण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

टाकी विटांच्या बांधकामाची, दोन कप्प्यांची आहे. आतून ती साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असून आउटलेटपर्यंत पाण्याची खोली चार फूट आहे, म्हणजे साधारण २२०० लिटर पाणी मावते. तिच्यात केवळ दोन संडासांचे पाणी जाते; न्हाणीघर आणि मोरीचे सांडपाणी पहिल्यापासून वेगळे काढलेले आहे. घरात आम्ही सहा माणसे आहोत. शोषखड्डा परसात असून तो पाच फूट व्यासाचा, आठ फूट खोल आणि जाळीदार विटांचा आहे. जमीन काळी, भारी आहे. परसाला लागूनच उसाचे शेत आहे आणि ते आमच्यापेक्षा किंचित उंचावर आहे.

आषाढात पावसाची झड लागली की तळमजल्यावरच्या कमोडमध्ये ओतलेले पाणी आधी वर चढते आणि मग गुडगुड आवाज करत फार सावकाश उतरते. वरच्या मजल्यावर काहीच जाणवत नाही. परंतु सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, त्यामुळे खालचा संडास बंद ठेवणे शक्य नाही. प्लंबरने घर आणि टाकी यांच्यामधले चेंबर उघडले तेव्हा ते काठोकाठ भरलेले होते, तरी त्यातून घातलेली स्प्रिंग टाकीपर्यंत कुठेही न अडकता गेली. टाकीचे झाकण काढल्यावर पाणी आउटलेटच्या पाइपापेक्षाही वीतभर वर दिसले. गाडी बोलावून टाकी उपसून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी बुडवून पाहिली, तर पाणी पुन्हा आउटलेटला टेकलेले होते आणि ते आधीच्यापेक्षा बरेच पातळ व फिकट होते. सहा माणसांच्या संडासाचे पाणी दिवसाला २०० लिटर धरले, तरी ही टाकी भरायला दहा-अकरा दिवस लागायला हवेत. एका रात्रीत आलेले पाणी आमच्या वापराचे असूच शकत नाही.

आणखी एक गोष्ट कदाचित महत्त्वाची असेल. उन्हाळ्यात एरवी काहीही तक्रार नसते, पण मागच्या उसाला पाणी दिले की एप्रिलमध्येसुद्धा हीच गुडगुड ऐकू येते आणि रान वाफशावर आले की थांबते.

गाडीवाल्यांचे म्हणणे असे की पावसाळाभर दर महिन्याला उपसा करावा. गवंडी म्हणतात, शोषखड्डा आणखी सहा फूट खोल न्या. दुकानदाराने जिवाणूंची पावडर सुचवली. एका गृहस्थांनी तर माणूस आत उतरवून भिंती तपासून देतो असे सांगितले. त्यांना मी तेथेच नकार दिला. या टाक्यांमधील वायूने माणसे गुदमरून मरतात हे आपण दरवर्षी वाचतो, आणि संरक्षक साधनांशिवाय अशा कामाला माणूस लावणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. घर दुरुस्त व्हावे म्हणून कोणाचा जीव धोक्यात घालायचा नाही, हे घरात सर्वांनी ठरवलेले आहे.

मला सर्वांत जास्त काळजी शेजारच्या काकांच्या विहिरीची वाटते. ती आमच्या शोषखड्ड्यापासून जेमतेम ४५ फुटांवर आहे. जनावरांना तेच पाणी लागते आणि नळाला पाणी नसेल त्या दिवशी ते पिण्यासाठीही घेतले जाते. खड्डा खोल केल्यास आमची अडचण विहिरीत ढकलल्यासारखे होईल का? पाणी शोषखड्ड्यातून उलटे येते की भिंतींतून झिरपते, हे आत न उतरता कसे ओळखावे? आणि या जमिनीत शोषखड्डा चालणारच नसेल, तर त्याला पर्याय कोणता?

प्रतिसाद

ताई, तुम्ही काठी बुडवून जो हिशेब केला आहे, त्यातच बरेचसे उत्तर आहे. पाचन नीट न झाल्यामुळे टाकी अशी रातोरात भरत नाही, त्यामुळे पावडरीचा येथे उपयोग नाही. लागणारे जिवाणू मैल्याबरोबर रोजच येत असतात. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा पाणी भराभर शोषते आणि ओली झाली की फुगून त्याच भेगा बंद होतात. म्हणूनच उन्हाळ्यात बांधलेला शोषखड्डा उत्तम वाटतो आणि आषाढात नुसता हौद होऊन बसतो. त्यातच वरच्या रानाचा पाझर तुमच्या परसात उतरतो आहे, हे उसाच्या पाण्याच्या निरीक्षणावरून उघड आहे.

पाऊस चालू असताना पुन्हा उपसा करू नये. बाहेर भूजल चढलेले असताना टाकी रिकामी केली, तर खालून येणाऱ्या दाबाने तळाला तडा जाऊ शकतो. हलक्या प्लास्टिकच्या टाक्या तर अशा वेळी उचलल्याही जातात. एरवी दोन-तीन वर्षांनी, गाळ आणि वरची साय मिळून एक तृतीयांश खोली व्यापली की उपसा करणे योग्य.

पाणी कुठून येते हे पाहण्यासाठी पुढचा उपसा पावसाची उघडीप मिळाल्यावर, पण ओल असतानाच करावा. टाकी पूर्ण रिकामी न करता आउटलेट उघडे पडेल इतकेच पाणी काढावे, झाकणातूनच आउटलेटला रबरी बूच बसवावे, काठीवर खूण करावी आणि रात्रभर संडासाचा वापर टाळावा. पातळी स्थिर राहिली तर पाणी शोषखड्ड्यातून उलटत होते. चढली तर ते भिंतींतून किंवा तळातून येते आहे. भिंतीच पाझरत असतील, तर उन्हाळ्यात बाहेरून खणून बाहेरच्या बाजूने जलरोधक गिलावा करावा. दाब बाहेरून असल्यामुळे तोच जास्त टिकतो आणि आत कोणाला उतरावेही लागत नाही.

खड्डा खोल करण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. भारतीय मानक २४७० प्रमाणे निचऱ्याची जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर हवी; तुमचे अंतर आजच कमी आहे. भूजल सहा फुटांच्या आत येत असेल, तर खाली न जाता जमिनीच्या वर भर टाकून निचऱ्याचा उंच वाफा करतात. टाकीनंतर छोटा संप आणि पंप, तेथून भरावातील खडीच्या थरात छिद्रांचा पाइप, अशी त्याची रचना असते. आधी पाझर चाचणी मात्र करा, आणि तीही ओल असताना. खड्डा रात्रभर भिजवून ठेवल्यावर त्यातील पाणी २५ मिलिमीटर उतरायला ६० मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर तुमच्या मूळ मातीत मुरवण्याचा नाद सोडावा. मग बाहेरच्या मुरुमाचा वाफा किंवा उलट्या प्रवाहाची, म्हणजे पाणी खालून वर चढत जाणारी, खडीची गाळणी हाच मार्ग राहतो. गाळणीतून निघालेल्या पाण्यातही रोगजंतू असतात, तेव्हा ते उघड्या गटारात सोडू नये.

या सगळ्याआधी एक स्वस्त काम करून पाहा : ऊस आणि शोषखड्डा यांच्यामध्ये वरचा पाझर अडेल इतका खोल चर काढून त्यात खडी भरावी आणि तो पाझर बाजूला वळवावा. छताच्या पन्हाळीचे पाणीही खड्ड्यापासून दूर सोडावे. काकांना तूर्त पाणी उकळूनच प्यायला सांगा आणि विहिरीच्या पाण्याची जिवाणू तपासणी करून घ्या.

धागाकर्तीकडून

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. काकांशी आजच बोलले. त्यांनी पिण्यासाठी विहिरीचे पाणी घेणे थांबवले आहे आणि नमुना तपासणीला द्यायला ते तयार आहेत. चराची जागा त्यांच्या बांधालगत येत असल्याने त्यांची संमतीही घेतली. उघडीप मिळताच बूच लावून पाहीन आणि पाझर चाचणीचे आकडे येथे लिहीन. करवीर तालुक्यातील काळ्या जमिनीत निचऱ्याचा उंच वाफा कोणी करून घेतला असल्यास, त्याची लांबी-रुंदी किती ठेवली आणि भर पावसात पंप किती वेळ चालवावा लागतो, हे कृपया कळवावे.