‘एन्क्रिप्टेड’ म्हणजे कुलूपबंद? आणि ‘प्रायव्हसी’ म्हणजे गोपनीयता?

प्रश्न : 2016 मध्ये अ‍ॅपल आणि एफबीआय (अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा) यांच्यात एका हल्लेखोराचा आयफोन उघडण्यावरून झालेल्या वादावरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘एन्क्रिप्टेड फोन’ला ‘कुलूपबंद फोन’ आणि ‘प्रायव्हसी’ला ‘गोपनीयता’ असं लिहिलं. संपादकांनी दोन्ही शब्दांखाली रेघ मारलीय. काय चुकलं?

उत्तर : रेघ योग्य जागी आहे. आधी कुलूप घेऊ.

कुलूप कपाटाला असतं, आतल्या दागिन्यांना नसतं. कपाट फोडलं की दागिने जसेच्या तसे हाती येतात. एन्क्रिप्शनमध्ये मात्र मजकूरच बदललेला असतो, किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या फोनचा पासकोड घरात कुणालाच ठाऊक नव्हता. दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा म्हणाला, “ताई, लॉक काढून देतो, पण फॉरमॅट मारावा लागेल.” म्हणजे फोन चालू होणार आणि बाबांनी काढलेले आईचे सगळे फोटो जाणार. आई तो फोन पदरात गुंडाळून तशीच घरी घेऊन आली. आजही तो कपाटात आहे.

आपल्याकडे याला फार जवळचं उदाहरण आहे, महानुभावांची सकळ लिपी. त्या पोथ्यांची पानं उघडी होती, अक्षरं डोळ्यांना दिसत होती, पण पंथाबाहेरच्या माणसाला वाचता येत नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तोवर बाहेरच्यांसाठी ते साहित्य असून नसल्यासारखंच होतं. म्हणून ‘डिक्रिप्ट’ला मी ‘उलगडणं’ वापरते. ‘एन्क्रिप्टेड’ला ‘कूटबद्ध’ चालतं, पण ‘कूट’ला खोटेपणाचा वास आहे (कूटसाक्ष म्हणजे खोटी साक्ष), त्यामुळे सर्वसाधारण वाचकासाठी मी सरळ एन्क्रिप्शन लिहिते आणि पहिल्याच ठिकाणी एका वाक्यात अर्थ सांगते.

तुमच्या लेखात याने खरोखर फरक पडतो. डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनोत 14 जणांची हत्या झाली. हल्लेखोराकडचा आयफोन 5सी कामावरून मिळालेला होता, मालकी काउंटीची, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाची. 16 फेब्रुवारी 2016 ला न्यायालयाने 1789 च्या ऑल रिट्स अ‍ॅक्टच्या (न्यायालयांना गरजेचे आदेश काढू देणाऱ्या कायद्याच्या) आधारे अ‍ॅपलला आदेश दिला. ‘फोन उघडून द्या’ एवढंच लिहिलंत तर वाचकाला वाटेल, किल्ली कंपनीच्या खिशात होती आणि ती देत नव्हती. तशी किल्ली कंपनीकडे नव्हतीच. मागणी होती वेगळं सॉफ्टवेअर लिहिण्याची : दहा चुकांनंतर माहिती पुसली जाऊ नये, दोन प्रयत्नांमधली सक्तीची थांबणूक नसावी आणि पासकोड यंत्राने टाकता यावा. एका प्रयत्नाला साधारण 80 मिलिसेकंद लागतात. चार आकड्यांच्या 10,000 शक्यता पंधरा मिनिटांच्या आत संपतात. म्हणून इथे ‘पहारा उठवणं’ म्हणा. हा शब्द दोन्ही बाजूंना न्याय देतो. पुढे 28 मार्चला एफबीआयने तिसऱ्याच्या मदतीने फोन उघडल्याचं सांगून अर्ज मागे घेतला.

आता गोपनीयता. इथे मला गप्प बसवत नाही. मंत्री ‘पद आणि गोपनीयतेची’ शपथ घेतात. गोपनीय म्हणजे लपवण्याजोगं, आणि ते लपवणं त्यांचं कर्तव्य असतं. ‘प्रायव्हसी’ला तोच शब्द लावला की ‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली?’ हा प्रश्न आपोआप तयार होतो. आईच्या फोटोंत लपवण्यासारखं काही नव्हतं. ते आमचे होते, इतकंच. त्याला शब्द आहे ‘खासगी’. होळकरांच्या दरबारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ हे दोन वेगळे खजिने होते, आणि खासगीचा पैसा चोरून ठेवलेला नव्हता. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी मूलभूत मानला तो हक्क खासगीपणाचा, असंच लिहा.

प्रश्न : पटलं, ताई. एक शेवटचं. पोलिसांना पासवर्ड ‘देणं’ म्हणू की ‘सांगणं’?

उत्तर : यावर थांबून विचार केलात, बरं वाटलं. राज्यघटनेच्या कलम 20(3) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. 1961 मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी ठरवलं की अंगठ्याचा ठसा म्हणजे साक्ष नव्हे. ठसा देता येतो, तो काही सांगत नाही. पासवर्ड मात्र डोक्यात असतो. तरी कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये तोही साक्षीत मोडत नाही असं म्हटलं. म्हणजे ‘देणं’ लिहिलंत की तुम्ही नकळत त्या निकालाच्या बाजूला गेलात, ‘सांगणं’ लिहिलंत की आरोपीच्या. बातमी असेल तर ‘पासवर्ड उघड करणं’ लिहा. स्वतःचं मत मांडत असाल तर, माझ्यापुरतं म्हणाल तर, ‘सांगणं’.