बंगळूरची मोठी कॉन्फरन्स की पन्हाळ्यावरचं दहा जणांचं शिबिर? एक लाख कुठे घालावेत?

शिरोली_४०

मंडळी, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना), जोडीला मशीन शॉप, माणसं ४०. यंदा मालकाच्या, म्हणजे माझ्याच, शिकण्यासाठी एक लाख रुपये बाजूला काढलेत. समोर दोन पर्याय आहेत. बंगळूरला तीन दिवसांची मोठी उद्योजक कॉन्फरन्स, किंवा पन्हाळ्यावर दोन रात्रींचं कोचिंग शिबिर: दहा मालक, एक कोच. सध्या दुखणी दोन. एका कास्टिंगचं (ओतीव नगाचं) रिजेक्शन, म्हणजे नापास नगांचं प्रमाण, चढलंय, आणि रोजचा प्रत्येक निर्णय मालकाच्याच टेबलावर येतो. पैसे कुठे वसूल होतील? शिबिर निवडताना काय तपासायचं? आणि माहितीपत्रकात दिसत नाहीत असे खर्च कुठले?

साचा_आणि_रस

भावा, आधी काम कोणतं ते बघा, मग जागा ठरवा.

मशीन घ्यायचं असेल तर दहा जणांच्या खोलीत बसून काही हाती लागणार नाही. त्यासाठी मशीनवाल्यांचं बंगळूरचं इमटेक्स किंवा फौंड्रीवाल्यांचं आयफेक्स अशी प्रदर्शनंच बरी. आपला जॉब (मशीनवर करायचा नग) पिशवीत घालून न्यायचा, तीन-चार स्टॉलवर तोच ठेवायचा आणि सगळीकडे सारखंच विचारायचं: सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) किती, फिक्स्चर (नग पकडून ठेवायचं साधन) कोण देणार, सर्व्हिसचा माणूस कोल्हापुरात बसतो की पुण्यातून येतो. दोन दिवसांत तुलना हातात येते. मोठ्या गर्दीची खरी किंमत इथेच आहे.

रिजेक्शनचं तसं नाही. व्यासपीठावरचा वक्ता ‘गुणवत्तेची संस्कृती’ यावर तासभर बोलेल, पण तुमच्या ब्लोहोलबद्दल (गॅसने कास्टिंगमध्ये पडणाऱ्या पोकळीबद्दल) विचारणार नाही. छोट्या गटात समोर दुसरा फौंड्रीवाला बसलेला असतो. तो सरळ विचारतो: कोअर (नगातली पोकळी राखायला साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा) बनवल्यापासून रस (वितळलेला धातू) ओतेपर्यंत किती तास जातात? कोअरवरचं वॉटर बेस कोटिंग ओव्हनमध्ये सुकवता की वाऱ्यावर? रिजेक्शन वाढलं ते जून-जुलैत का? पावसाळ्यात कोअर हवेतला ओलावा धरतो, कोटिंग नीट सुकलेलं नसतं, रस आत गेला की त्या ओलाव्याचा गॅस होतो आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर कास्टिंगमध्येच अडकतो. हे माहीत सगळ्यांना असतं. आपल्या शेडमध्ये रोज बघून बघून मात्र ते नजरेआड होतं, आणि बाहेरच्या माणसाच्या दोन प्रश्नांत वर येतं.

फक्त प्रश्न नेमका न्या. ‘रिजेक्शन कसं कमी करू’ हा प्रश्नच नाही. ‘या एका आयटमचं रिजेक्शन चार टक्क्यांवरून नऊवर गेलं, बदल एकच झाला, कोअर बाहेरून घ्यायला लागलो; कोअर शूटर (कोअर बनवायचं मशीन) घेऊ की सप्लायर बदलू?’ याला प्रश्न म्हणतात. आणि ग्राहकाचं ड्रॉइंग शिबिरात नेऊ नका. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या करारात गोपनीयतेचं कलम असतं. आयटमला ‘क’ म्हणा, काम भागतं.

गोलात_खुर्च्या

अशी शिबिरं मी स्वतः चालवते, त्या बाजूने लिहिते.

सगळ्यात आधी वेळापत्रक मागवा आणि गुणाकार करा. एका मालकाच्या प्रश्नाला नीट ५० मिनिटं लागतात. दहा जण म्हणजे ५०० मिनिटं, सव्वाआठ तासांच्या वर. दोन रात्रींच्या शिबिरात हे जेमतेम बसतं, तेही कोचने स्वतःची व्याख्यानं दीड-दोन तासांत आवरली तर. ‘दहा जण’ म्हणून जाहिरात आणि वेळापत्रकात पाच व्याख्यानं असतील, तर ती छोटी कॉन्फरन्सच आहे. वीस जण असतील तर निम्म्यांचा प्रश्न निघणारच नाही.

५० मिनिटांची फोड अशी असावी. पहिली १० मिनिटं ज्याचा प्रश्न त्याने आकड्यांसह मांडायचं. पुढची १५ मिनिटं बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला एकही नाही. मग १५ मिनिटं चर्चा, त्यात प्रश्नकर्त्याने गप्प बसून लिहून घ्यायचं. शेवटची १० मिनिटं त्याने सांगायचं: मी काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झालं की नाही ते कोणत्या आकड्यावरून कळणार.

मोडतं ते नेहमी दुसऱ्या टप्प्यात. आपल्याकडची माणसं मनाने मोकळी, समोरच्याची अडचण ऐकली की तिसऱ्या मिनिटाला ‘असं करा की राव’ सुरू होतं. सगळे एकदम सल्ला द्यायला लागले की प्रश्नकर्ता बचाव करत बसतो, आणि खरी अडचण झाकलेलीच राहते. ‘आत्ता फक्त प्रश्न’ असं ठामपणे म्हणून थांबवणारा कोच हवा. फोनवर बोलताना त्याला हेच विचारा: सल्ला कधी थांबवता? उत्तर गोलमाल आलं तर समजून जा.

ही पद्धत नवी नाही. ब्रिटनमध्ये रेग रेव्हान्स यांनी १९४० च्या दशकात कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना छोट्या गटांत बसवून एकमेकांच्या अडचणींवर काम करायला लावलं. त्यातून पुढे ‘अॅक्शन लर्निंग’ उभं राहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: शिकणं म्हणजे आधीचं ज्ञान अधिक नेमके प्रश्न. कॉन्फरन्समध्ये पहिला भाग भरपूर मिळतो, दुसऱ्याला जागाच नसते.

तुमच्या दुसऱ्या दुखण्याला, निर्णय मालकाकडेच येण्याला, शिबिर जास्त लागू पडतं. जाण्याआधी सलग सहा दिवस एक वही ठेवा. कुणी काय विचारायला आलं, किती रुपयांचा विषय होता, तुम्ही काय सांगितलं. पन्नासेक नोंदी होतील. त्यातल्या ज्यांचं उत्तर दर वेळी तेच होतं, त्या नोंदींवर लाल खूण करा. तेवढी वही गटासमोर ठेवली तर कोणते निर्णय सुपरवायझरकडे द्यायचे आणि किती रुपयांपर्यंत, हे तिथेच ठरतं. वही न नेता गेलात तर ‘डेलिगेशन शिका’ एवढं ऐकून परत याल.

गटात कोण आहे तेही आधी विचारा. एकाच ग्राहकाला तोच माल देणारे दोघे असतील तर दोघंही तोंड उघडणार नाहीत. एक फौंड्री, एक शीट मेटल, एक हुपरीचा चांदीवाला, एक इचलकरंजीचा लूमवाला असा गट जास्त मोकळा बोलतो. तरी आपल्या धंद्याची खोच कळणारा निदान एक जण हवाच, नाहीतर वर म्हटलेला कोअरचा प्रश्न विचारणार कोण? आणि एकाच धंद्याचे असाल तर दर ठरवण्यावर बोलणं पूर्ण बंद. स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही.

जमाखर्च_राजारामपुरी

न दिसणाऱ्या खर्चांचं मी सांगते.

बंगळूरला हॉटेलात राहिलात की बिलावर सीजीएसटी (केंद्राचा जीएसटी) आणि कर्नाटकचा एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) लागतो, कारण राहण्याच्या सेवेचं ठिकाण म्हणजे हॉटेल जिथे आहे ते राज्य. तुमची नोंदणी महाराष्ट्रातली, म्हणून त्या कराचं क्रेडिट (भरलेला कर आपल्या देण्यातून वजा करायची सोय) मिळत नाही. तो सरळ खर्चात धरा. पन्हाळ्याला ही राज्याबाहेरची अडचण येत नाही.

प्रशिक्षणाचं वेगळं आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाला प्रशिक्षण दिलं तर सेवेचं ठिकाण त्याचंच राज्य धरतात. म्हणजे कोच बंगळूरचा असला तरी तो आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) लावेल आणि क्रेडिट मिळू शकेल. समजा शुल्क ३०,०००, त्यावर १८ टक्के म्हणजे ५,४००. हे ५,४०० परत मिळवायचे तर पैसे भरतानाच फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर द्या. मालकाच्या वैयक्तिक नावाने पावती झाली की नंतर बदलून घेताना नाकी नऊ येतात. जेवणाचं बिल वेगळं आलं तर त्यावर साधारणपणे क्रेडिट नाही. निवास-जेवणासह एकच शुल्क असेल तर बिलावर सेवेचं वर्णन काय येणार ते आधी विचारून आपल्या सीएला दाखवा.

आणि गैरहजेरीचा खर्च धरा. बंगळूरचे तीन दिवस म्हणजे येण्याजाण्यासह पाच. पन्हाळ्याचे फार तर अडीच.

घाटवाट_६५

जागेबद्दल एक. पन्हाळा कोल्हापूरपासून जेमतेम २० किलोमीटर. सोय म्हणून चांगलं, पण नेमकं तेच घात करतं. संध्याकाळी सहाला फोन येतो, फर्नेस (भट्टी) बंद पडली, आणि माणूस ‘तासाभरात आलो’ म्हणून गाडी काढतो. रात्रीच्या जेवणानंतरच्या गप्पांत जे निघतं ते त्याला मिळत नाही आणि गटही विस्कटतो. आयोजकाला विचारा, मुक्काम सक्तीचा आहे का? आंबा घाट किंवा गगनबावडा निवडला तर ५०-६० किलोमीटरच्या पलीकडे उठून कुणी जात नाही. मात्र तिथे मोबाइलची रेंज तपासून घ्या, आणि दुपारी एक ते दोन ही फोनची वेळ ठरवून कामगारांना आधीच सांगा.

जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर नकोच. घाटात मुसळधार पाऊस, पन्हाळ्यावर धुकं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पुराने शिरोलीजवळ महामार्गच बंद होता, आणि तुमचा कारखाना तर त्याच बाजूला. साखर कारखान्यांची कामं करत असाल तर गळीत हंगामाच्या तोंडावरही बाहेर पडता येत नाही.

गोलात_खुर्च्या

एक राहिलं. शुल्कात पुढचा पाठपुरावा आहे का ते बघा. ३० व्या आणि ९० व्या दिवशी सगळ्या गटाचा तासाभराचा कॉल हवा, त्यात प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा. हा नसेल तर शिबिरात ठरलेलं दुसऱ्या आठवड्यातच डिस्पॅचच्या धावपळीत बुडतं. आणि शेवटच्या दिवशी ‘आत्ताच भरलंत तर सवलत’ म्हणून वर्षभराचा महागडा कोर्स गळ्यात मारला जातो. त्या खोलीत सही करायची नाही. आठ दिवसांनीही तो हवासा वाटला तर घ्या.

बाकी केईए, स्मॅक, गोशिमा या कोल्हापूरच्या उद्योजक संघटनांमधून ओळखीचे सहा-सात मालक जमत असतील तर कोचशिवायही ही पद्धत चालते. दर बैठकीला एकाने फक्त घड्याळ आणि नियम सांभाळायचे, स्वतःचा प्रश्न त्या दिवशी मांडायचा नाही.

शिरोली_४०

सगळ्यांचे मनापासून आभार. बंगळूर यंदा रद्द, मशीन घ्यायच्या वर्षी प्रदर्शनाला. शिबिराच्या आयोजकांना पाच प्रश्न पाठवतोय: गटात कोण, प्रत्येकाला किती मिनिटं, सल्ला कधी थांबवता, मुक्काम सक्तीचा का, ९० व्या दिवसाचा कॉल आहे का. नेण्याचा कागद असा केलाय: ‘आयटम क, महिना १,२०० नग, रिजेक्शन मार्चमध्ये ४ टक्के, जुलैत ९ टक्के, कोअर एप्रिलपासून बाहेरून. कोअर शूटर घेऊ का?’ बरोबर आहे का?

साचा_आणि_रस

अजून दोन ओळी घाला. त्या ९ टक्क्यांत ब्लोहोल किती, सँड ड्रॉप (साच्याची वाळू गळून पडलेला दोष) किती, कोल्ड शट (रस नीट एकजीव न झाल्याचा दोष) किती. सगळं ब्लोहोलच असेल तर बोट कोअरकडे जातं. सँड ड्रॉप निघाला तर आधी मोल्डिंगची वाळू बघावी लागेल आणि कोअर शूटरचा विषयच मागे पडेल. दुसरं, एप्रिल-मे-जूनचे आकडे. एप्रिललाच उडी असेल तर सप्लायर, जूनला असेल तर ओलावा. हे दोन भरा, कदाचित हा प्रश्न शिबिराच्या आधीच सुटेल. मग तिथे निर्णयांची वही घेऊन बसा.