धडधाकट माणसाच्या न्यूमोनियात वय किती धरायचं?

रानवारा:
वडील ७८ वर्षांचे. बीपी नाही, साखर नाही, रोज पहाटे मळ्यावर पायी जाणारे. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया होऊन ॲडमिट झाले. दुसऱ्याच दिवशी राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "वय झालंय, मनाची तयारी ठेवा." ना ऑक्सिजनचा आकडा सांगितला, ना एक्स-रे दाखवला. वडील अकराव्या दिवशी घरी आले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याला दुसरा कुठलाच आजार नाही, त्याचा निकाल जन्मतारखेवरून का लावायचा? आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात तो माणूस काय काय करत होता, ते आधी विचारा ना.

मुग्धा_वॉर्ड:
मी चौदा वर्षं मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. ते वाक्य चुकीच्या पद्धतीने बोललं गेलं, मान्य. पण वयाला बाजूला काढता येत नाही, दादा. छातीचा पिंजरा ताठरतो, खोकल्याला जोर राहत नाही, ठसकाही लागत नाही, आणि झोपेत लाळ गुपचूप फुप्फुसात उतरते. प्रतिकारशक्तीही मंदावते. हे सगळं एकही गोळी चालू नसलेल्या माणसात होतं. "निरोगी" म्हणून आणलेल्या कितीतरी आजोबांची किडनी आमच्याकडे पहिल्यांदा तपासली जाते.
आणि म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. जेवण तुटतं, तोल जातो, बरळणं सुरू होतं. घरचे म्हणतात, "वयामुळे होतंय," आणि दोन दिवस हातचे जातात.

रानवारा:
अगदी हेच झालं. थर्मामीटरवर ९९. चहा समोर साय धरेपर्यंत तसाच, आणि मला त्यांनी काकांच्या नावाने हाक मारली. बनियनच्या बटणाकडे बघत मी मिनिटभर श्वास मोजले: ३२. तेव्हा गाडी काढली.
पण ताई, तुम्ही सांगताय ते वेळेत ओळखण्याबद्दल. मी बोलतोय ते आशा सोडण्याबद्दल. वयाकडे बघून सावध व्हा, उपचार आखडते घेऊ नका.

निवासी_डॉक्टर:
३२ मोजलेत, हे फार मोलाचं काम केलंत. वॉर्डातसुद्धा श्वास अंदाजाने लिहिले जातात.
न्यूमोनिया किती गंभीर आहे ते ठरवायला आमच्या हातात दोन मोजपट्ट्या असतात; गुण किंवा वर्ग जितका वर, तितका धोका जास्त. २००३ च्या कर्ब-६५ मध्ये गोंधळलेपण, वाढलेलं युरिया, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, उतरलेलं बीपी आणि ६५ किंवा जास्त वय, प्रत्येकाला एक गुण. म्हणजे वयाला पाचातला एकच. १९९७ च्या पीएसआयमध्ये (न्यूमोनिया सिव्हिरिटी इंडेक्स) मात्र पुरुषाला जितकी वर्षं तितके गुण, बाईला त्यातून दहा वजा.
आता बघा. ९२ वर्षांचे आजोबा, बाकी सगळं नॉर्मल: पीएसआयने ९२ गुण, वर्ग चार. ४० वर्षांचा गडी, श्वास ३४, वरचं बीपी ८४: वयाचे ४०, श्वास आणि बीपीचे वीस-वीस, मिळून त्याचे ८० गुण, वर्ग तीन. कर्ब-६५ लावलं तर गड्याला दोन, आजोबांना एक. एकच रात्र, दोन पट्ट्या, उलटी उत्तरं. माझा अनुभव रानवारांच्या बाजूने आहे. तरुण शरीर शेवटपर्यंत रेटून नेतं आणि मग एकदम कोसळतं. "तरुण आहे, निभावेल" या भरवशावर आम्ही उशीर केलेला आहे.

मुग्धा_वॉर्ड:
डॉक्टर, तुमचा हिशोब ॲडमिट करायच्या रात्रीचा आहे. मला डिस्चार्जनंतरचं विचारा. चाळिशीचा गडी दहा दिवस खाटेवर पडला तरी महिन्याभरात कामावर जातो. आजोबांच्या मांड्या तेवढ्या दिवसांत वितळतात. मग संडासला जाताना पडणं, खुब्याचं हाड, पुन्हा आम्ही. म्हणून मी तिसऱ्या दिवशीच खुर्चीत बसवते, दोन्ही वेळा दात घासून घेते, सरळ बसवल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा देत नाही. वय मानते, म्हणूनच हे करते.
रानवारा, बाबा आता मळ्यावर जातात?

रानवारा:
अर्ध्या वाटेवरच्या विहिरीपर्यंत. तिथे काठी टेकून बसतात, मग परत फिरतात.

मुग्धा_वॉर्ड:
काठी आधीपासून होती?

रानवारा:
नाही. आजारपणानंतर आणली.