नावं येत नसली तरी या
कुणीतरी विचारलंय की फुलपाखरांची नावं ओळखता येत नाहीत, तर सप्टेंबरमधल्या बिग बटरफ्लाय मंथच्या (देशभर फुलपाखरं नोंदवण्याच्या महिन्याच्या) मोजणीला यावं का. नक्की या! फोटो काढून आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाका, नाव सांगणारे तिथे भेटतात. मीही हळदीकुंकू आणि निलवंत (२०१५पासून आपलं राज्य फुलपाखरू) एवढ्या दोनच नावांवर सुरुवात केली होती.

आमच्या रत्नागिरीकडे पावसानं उघडीप दिली की नऊनंतर, ऊन तापायला लागल्यावर निघा. सड्याच्या (जांभ्या खडकाच्या पठाराच्या) कडेला खुळखुळा हे झुडूप शोधा. त्याच्या सुकलेल्या, कुरतडलेल्या पानांतून काही फुलपाखरांचे नर रसायनं शोषून घेतात आणि त्यातूनच मादीला आकर्षित करणारा गंध बनवतात. म्हणून निळे बिबळे (ब्लू टायगर फुलपाखरं) त्याला अक्षरशः लगडलेले दिसतात. तिथे मोजताना घाई नको. आणि कृपया, फोटोसाठी पंख धरू नका, खवले निघतात.