दर्यापूर तालुका: जुन्या न्हाणीत कमोड बसवून नवं बाथरूम, ९० हजारांत होईल का?

दर्यापूरकर

नमस्कार मंडळी. घर गावात आहे, १९९६ सालचं, पक्क्या विटांचं, एक मजली स्लॅब. जमीन काळी, भारी. मागच्या बाजूला ५ × ७ फुटांची न्हाणी, तिला लागून ३ × ४ चा संडास, मधात साडेचार इंची भिंत. संडासात देशी सीट आहे, ती दोन शोषखड्ड्यांवर चालते. घरात सहा माणसं. आईचे गुडघे गेले आहेत, खाली बसणं होत नाही, म्हणून कमोड पाहिजे. मधली भिंत पाडून एकच मोठं बाथरूम करावं असं घरात चाललं आहे.

न्हाणीच्या फरशीतून पाणी मुरतं. बाजूच्या खोलीच्या भिंतीला खार फुटला आहे, मागच्या कोपऱ्यात तिरपी भेग पडली आहे. बोअरचं पाणी खारं, नळाचं गोडं, पण नळ आठवड्यातून दोनदाच येतो. स्लॅबवर १००० लिटरची एकच टाकी. कापसाचे पैसे आले की काम काढायचं आहे. गीझर, शॉवर, ७ फुटांपर्यंत टाइल्स, सगळं ९० हजारांत बसेल का? अन् हात आधी कशाला घालू?

गवंडीकाम

भाऊ, मधली भिंत पाडू नका. सहा माणसांच्या घरात संडास अन् आंघोळ एकाच दाराआड गेली की सकाळी एक जण आत, पाच जण बाहेर उभे. देशी सीट आहे तशी चालू राहू द्या. कमोड न्हाणीत, संडासाच्या भिंतीला पाठ करून बसवा. तिथून मैल्याची लाइन सगळ्यात आखूड जाते, आणि काम चालू असताना घरचा संडास बंद पडत नाही. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान १५ इंच आणि पुढे २४ इंच मोकळे ठेवा. दार बाहेर उघडणारं करा. म्हातारं माणूस आत पडलं आणि दार आत उघडत असेल तर ते अंगालाच अडतं.

आता मूळ दुखणं. ती भेग आणि मुरणारं पाणी हे एकच प्रकरण आहे. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. एकाच कोपऱ्याखाली रोज पाणी मुरलं की तेवढा पाया हलतो, बाकीचं घर जागेवर राहतं आणि भिंत तिरपी फाटते. त्यामुळे भेगेत आत्ता सिमेंट भरून काही होणार नाही. आधी पाणी बाहेर काढा: न्हाणीची मोरी पाइपनं थेट ग्रामपंचायतीच्या नालीला जोडा, आणि घराच्या मागून ३ फूट रुंद, बाहेर उतार असलेला कोबा करा. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी आडवी पट्टी लावून तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली नाही तर भेग थांबली. ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल किंवा पट्टी तडकत राहिली तर एखाद्या इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा, टाइल्सचा विचार त्यानंतर.

फरशी पूर्ण उखडा. जुन्या फरशीवर नवी टाइल मारून देतो म्हणणारा मिस्त्री गळती आत तशीच ठेवतो आणि वर उंबरठाही उचलतो. खाली मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस करा, त्यावर ४ इंच काँक्रीट. उतार काँक्रीटमध्येच द्यायचा, टाइलच्या मसाल्यात नाही: ७ फूट लांबीत एक ते सव्वा इंच, दाराकडून पाणी जायच्या जाळीकडे. टाइल लागलेली फरशी दारापाशी खोलीपेक्षा अर्धा इंचच खाली ठेवा. आईला पायरी नको, पाणी अडवायला ग्रॅनाईटची बारीक पट्टी पुरते.

वॉटरप्रूफिंग म्हणजे मसाल्यात टाकायचं लिक्विड नव्हे. ते दर गोणीला २०० मिली टाकाच, पण खरं काम कोटिंगचं. फरशी-भिंतीच्या कोपऱ्यात आधी मसाल्याची गोलाई काढा, मग पावडर-लिक्विडचं दोन भागांचं सिमेंटी कोटिंग दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. भिंतीवर सगळीकडे १ फूट, आंघोळीच्या कोपऱ्यात ६ फूट. जाळीच्या ट्रॅपभोवती (जाळीखालचं, पाणी थांबवून वास अडवणारं भांडं) ब्रश दाबून फिरवा. बऱ्याच गळत्या याच वीतभर जागेतून निघतात. वाळलं की जाळी बंद करून २ इंच पाणी ४८ तास भरून ठेवायचं, पातळीला पेन्सिलची खूण. पाणी उतरलं तर टाइल लागू देऊ नका, मिस्त्री कितीही घाई करो.

तुमच्या भागात एक गोष्ट हमखास चुकते. काम बोअरच्या खाऱ्या पाण्यानं होतं. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, लोखंड नसलेल्यात २००० च्या आत. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी तपासल्याशिवाय धरू नका. प्लास्टर त्या पाण्यानं झालं तर खार पुन्हा फुटतो, तोही टाइलच्या मागून. मिसळायला एका गोणीमागे २५ लिटर धरा, १२ गोण्यांना ३०० लिटर. क्युरिंगचं वेगळं. नळाच्या दिवशी दोन ड्रम भरून ठेवा.

नळजोडणी

वरच्या उत्तरात पाइप राहिले. पहिलं म्हणजे कमोड आधी विकत घ्या, फरशी नंतर करा. तुमच्या जागेत एस-ट्रॅप लागेल, पाइप खाली जमिनीत जाणारा. भिंतीपासून त्याच्या मध्याचं अंतर मॉडेलप्रमाणे ४, ९ किंवा १२ इंच असतं, आणि ते टाइल लागलेल्या भिंतीपासून मोजतात. कच्च्या भिंतीपासून मोजताना प्लास्टर-टाइलचा इंचभर वाढवायचा. हे चुकलं की कमोड भिंतीपासून बराच पुढे येतो किंवा बसतच नाही. भिंतीवर टांगायचा कमोड साडेचार इंची भिंतीला नको. साधा जमिनीवरचा घ्या, सीटची उंची १८ इंचांच्या आसपास बघा, गुडघ्यांना बरं पडतं. बाजूला धरायचा दांडा जमिनीपासून २८ ते ३० इंचांवर.

शोषखड्ड्याची गोष्ट नीट समजून घ्या. देशी सीट दीड-दोन लिटर पाण्यात साफ होते, खड्डे त्या हिशेबानं खोदलेले असतात. कमोडला फ्लशमागे ६ लिटर तरी लागतात. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, पावसाळ्यात तर थांबतंच. म्हणून ३/६ लिटरचा दुहेरी फ्लश घ्या आणि कमोड आईपुरताच ठेवा. सहाही जण वापरायला लागले तर श्रावणात खड्डा तुंबणार. आंघोळीचं पाणी खड्ड्यात कधीच नाही. आणि चेंबरमध्ये एका वेळी एकच खड्डा चालू आहे ना, दुसऱ्याचं तोंड बंद आहे ना, हे झाकण उचलून बघा. दोन्ही चालू असतात अशी घरं खूप आहेत, मग एकही खड्डा सुकत नाही, उपसायची पाळी येते तेव्हा दोन्ही ओले.

मैल्याला ११० एमएम एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप), १० फुटाला २ इंच उतार. आंघोळीच्या पाण्याला ७५ एमएम, वळणावर ९०चा एल्बो नको, दोन ४५चे लावा. पाइप काळ्या मातीत उघडा पुरू नका, खाली-वर ४ इंच रेती. पायाच्या भिंतीतून जातो तिथं भोक इंचभर मोठं ठेवा. सिमेंटनं गच्च केलं तर माती हलली की पाइप तिथंच कापला जातो.

पाण्याच्या लाइनी: गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंडला यूपीव्हीसी (दोन्ही प्लास्टिकचेच पाइप, पण सीपीव्हीसी उष्णता सोसतो), मुख्य पाऊण इंची, पॉइंटला अर्धा इंची. दोन्हींचं सोल्यूशन वेगळं येतं. सीपीव्हीसीला यूपीव्हीसीचं लावलं तर जोड गरम पाण्यात सुटतो. नळ जिथं पिळून बसतो ते एल्बो पितळी आट्यांचेच. जोडणीनंतर २४ तास थांबून हातपंपानं १० किलो दाब तासभर धरा, काटा खाली यायला नको. ही चाचणी भिंत बुजवायच्या आधी. साडेचार इंची भिंतीत आडवी खाच मारू नका, उभी मारा, दीड इंचापेक्षा खोल नाही.

खाऱ्या पाण्यासाठी टाकी वेगळी करा. गोड्या पाण्याची ५०० लिटरची दुसरी टाकी गीझर, शॉवर आणि बेसिनला, बोअरची जुनी टाकी फ्लशला आणि फरशी धुवायला. मध्ये व्हॉल्व्ह टाकून दोन्ही जोडू नका, व्हॉल्व्ह झिजला की खारं पाणी गोड्यात येतं. खाऱ्या लाइनवर क्रोमचे नळ दोन-तीन वर्षांत हिरवे-पांढरे होतात. तिथं पीटीएमटी नावाच्या कडक प्लास्टिकचे नळ टिकतात, स्वस्तही पडतात.

दर्यापूरकर

भिंत पाडायचा विचार सोडला. दोन शंका. छतातून पडतो तसा मोठा शॉवर चालेल का? आणि पंचायतीच्या नालीला उतार कमी आहे, आंघोळीच्या पाण्याचा वेगळा शोषखड्डा मागच्या अंगणात घेतला तर?

नळजोडणी

टाकी स्लॅबवर ३ फुटांच्या स्टँडवर धरली तरी शॉवरच्या वर जेमतेम ६ फूट पाणी. म्हणजे दाब ०.२ किलोच्या आत. मोठ्या शॉवरमधून धार गळत राहील. लहान तोंडाचा साधा शॉवर किंवा हँड शॉवर घ्या. बसून आंघोळ करणाऱ्या आईला हँड शॉवरच सोयीचा.

पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती खोल असते. खड्डा मुरमापर्यंत पोचला नाही तर ती नुसती टाकी होते, भरली की उभी. तो पायाजवळ घेणं तर भेगेला आमंत्रण. नालीच धरा. न्हाणीच्या फरशीची पातळी नालीच्या तळावरून ठरवा. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढून उतार किती मिळतो ते आधी बघा, फरशीची उंची त्यावरून.

हिशेबवही

आकडे तालुक्याच्या बाजाराचे अंदाज म्हणून घ्या, दुकानात विचारून बदला.

टाइल्स आधी. घेर २४ फूट × ७ = १६८, दाराचे साडेसतरा वजा, १५० चौरस फूट. तुटफुटीचे १० टक्के धरून १६५. १२ × १८ इंचाच्या बॉक्समध्ये बहुतेक ६ टाइल्स, ९ चौरस फूट, म्हणजे १९ बॉक्स. फरशीला १२ × १२ची खरखरीत टाइल ४० चौरस फूट. सगळे बॉक्स एकाच बॅचचे घ्या, दोन टाइल्स घरात ठेवा. ग्राउटसह १० हजार. सिमेंट १२ गोण्या, रेती ३० ते ३५ घनफूट, गिट्टी-मुरूम मिळून ९ हजार. रेतीचा ट्रॅक्टर अख्खा येतो, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा शेजाऱ्यासोबत वाटून घ्या.

पुढचे आकडे हजारांत: तोडफोड ५, पाइप-फिटिंग ११, प्लंबरची मजुरी ८, वॉटरप्रूफिंग ४, ग्रॅनाईटची चौकट आणि पट्टी ४, मिस्त्रीची मजुरी १४, कमोड ७, नळ ५, वायरिंग ४, गीझर ८, पीव्हीसी दार ५, पंखा आणि दांडे ३, मागचा कोबा आणि नालीची जोडणी ६, दुसरी टाकी ४. सगळं मिळून १ लाख ७ हजार. वर राखीव १० टक्के. सांगितलेलं सगळं ९० त बसत नाही, ही गोष्ट आधीच मानून चला.

छाटायचं कुठं? कोबा आणि नालीचे ६ हजार आत्ताच खर्च करा, कापसाची वाट बघू नका. गीझर एक हिवाळा पुढं ढकला, पण त्याचे पाइप आणि वायर भिंतीत आत्ताच टाका. आंघोळीचा कोपरा सोडून उरलेल्या दोन भिंतींना टाइल ४ फुटांवर थांबवा, अडीच हजार वाचतात. उरतात साडेनव्वद हजार. राखीव ९ हजार मात्र हातात हवेतच, कारण फरशी उखडल्यावर खाली काय निघेल ते उखडल्याशिवाय कळत नाही. वॉटरप्रूफिंग, पाइप आणि चाचणीतून एक रुपया कमी करू नका. नळ उद्या बदलता येतो, त्यामागचा पाइप बदलायला भिंत फोडावी लागते.

मिस्त्रीशी ठरवताना 'बाथरूमचे इतके' असं उक्तं नको. प्लास्टर आणि टाइल चौरस फुटावर, नळ पॉइंटवर. पाणी भरून बघायचे दोन दिवस आणि दुरुस्ती त्याच्याच अंगावर, हे आधी बोला. शेवटचे ५ हजार पाणी सोडून बघितल्यावर. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, उन्हाळ्यात क्युरिंगला पाणी नसतं. संक्रांत ते होळी हा काळ धरा, सुकण्याचे दिवस धरून तीन आठवडे लागतात.

वायरमन

गीझर पुढं ढकलताय तर आत्ता ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपियरचा पॉइंट, वेगळा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) एवढं करून ठेवा. अर्थिंगची तार आहे हे दिसून चालत नाही, मोजून घ्या. ओल्या जागेत याला पर्याय नाही.

घेताना १५ लिटरचा २००० वॅटचा घ्या, ३ किलोवॅटचा झटपट नको. गावात व्होल्टेज १८० वर आलं की २००० वॅटचा गीझर सव्वाबाराशे वॅटच देतो, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गानं पडते. तेवढंच पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला २१ मिनिटांऐवजी ३४ मिनिटं. साठवणीचा गीझर हे सोसतो. झटपटचं पाणी कोमटच येतं. आत काच-लेपाची टाकी आणि मॅग्नेशियमचा दांडा असलेला बघा, दांडा दर वर्षी काढून तपासा. पाणी गोड्या टाकीचंच.

दर्यापूरकर

नालीच्या तळाची लेव्हल घेतली. न्हाणीच्या जुन्या फरशीपासून नालीच्या तळापर्यंत ११ इंच मिळतात, अंतर २० फूट. जमेल का?

नळजोडणी

जमेल. ७५ एमएमला ५० फुटाला १ फूट उतार, २० फुटांत ५ इंच जातात. उरलेल्या ६ इंचांत ट्रॅप बसवायचा आहे, म्हणून उंचीनं बुटका मिळतो तो घ्या, आत ५० एमएम पाणी थांबणारा. नालीत पाइपचं तोंड तळापासून इंच-दोन इंच वर काढा, नाही तर गाळ आत शिरतो. तेवढं जमवायला न्हाणीची फरशी इंचभर उचला. मधात एक चेंबर, १ × १ फुटाचा, काढता येणाऱ्या झाकणाचा.